दहा कोंबड्या, एक कोंबडा : नाशिक परिसरात पहिला छोटा कळप कसा उभा करावा

अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही. तलंग, म्हणजे पहिल्यांदा अंड्यावर येणारी तरुण कोंबडी, वयात आली, खाणे नीट मिळाले आणि दिवस पुरेसा मोठा असला की ती कोंबड्याशिवायही अंडी घालते. फक्त त्या अंड्यांतून पिल्ले निघत नाहीत. पहिल्यांदा कोंबड्या पाळणाऱ्याने सगळ्यात आधी हाच विषय मिटवावा. कोणती जात घ्यायची, किती पिल्ले आणायची, खुराडे केवढे बांधायचे, शेजाऱ्यांशी काय बोलून ठेवायचे, हे सगळे कोंबडा ठेवणार की नाही यावरूनच ठरते.

कोंबडा ठेवण्याची कारणे दोन. एक म्हणजे पुढची पिढी घरच्या घरी निघते, दर वर्षी पिल्ले विकत आणावी लागत नाहीत. दुसरे म्हणजे राखण. मोकळ्या चरणाऱ्या कोंबड्यांवर घार घिरट्या घालू लागली की चांगला कोंबडा लांबट आवाज काढतो आणि सगळ्या कोंबड्या झुडपाखाली पळतात. तुम्हाला घरापुरती अंडीच हवी असतील आणि घर सिडको, इंदिरानगर किंवा गंगापूर रोडसारख्या दाट वस्तीत असेल, तर सरळ पाच-सहा कोंबड्या ठेवा, कोंबडा नको. तो पहाटे साडेतीन-चारपासून आरवतो आणि दिवसाही थांबत नाही. खुराड्यात अंधार केला तर आरवणे थोडे उशिरा सुरू होते, बंद होत नाही. शहराच्या हद्दीत कोंबड्या पाळायच्या असतील तर महापालिकेच्या विभागीय कार्यालयात आणि सोसायटीत आधी विचारून घ्या. बांधकाम झाल्यावर तक्रार आली की पक्षी मिळेल त्या भावाला विकावे लागतात.

पुढचा सगळा हिशेब दहा कोंबड्या आणि एक कोंबडा धरून केला आहे. एका कोंबड्यामागे आठ ते दहा कोंबड्या हे प्रमाण चांगले. पाच-सहाच कोंबड्या असतील तर तो त्याच त्या कोंबड्यांवर चढत राहतो, त्यांच्या पाठीची पिसे जातात, कातडी उघडी पडते आणि जखमा होतात. पंधराच्या पुढे गेलात तर काही अंडी रिकामी निघू लागतात. वीसपेक्षा कमी कोंबड्यांत दोन कोंबडे ठेवू नका.

जात निवडताना

बाजारात वनराजा, ग्रामप्रिया, गिरिराज, कावेरी, कडकनाथ, आरआयआर (रोड आयलंड रेड), ब्लॅक ऑस्ट्रलॉर्प आणि गावठी अशी बरीच नावे ऐकू येतात. इथे एक गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत. वनराजा, ग्रामप्रिया, गिरिराज हे संकरित पक्षी आहेत. आणलेली पिढी उत्तम वाढते, पण त्यांच्याच कोंबड्या-कोंबड्यापासून काढलेली पिल्ले आईबापांसारखी निघत नाहीत. कुणी लवकर वाढते, कुणी रखडते, अंडीही घटतात. दर वर्षी नवीन पिल्ले आणायची तयारी असेल तर या जाती छानच आहेत. घरी पिल्ले काढायची म्हणून कोंबडा पाळणार असाल, तर शुद्ध जात (कडकनाथ, आरआयआर, ब्लॅक ऑस्ट्रलॉर्प) किंवा गावठी घ्या.

दुसरा मुद्दा खुडूक बसण्याचा. जास्त अंड्यांसाठी तयार केलेल्या जातींमधून उबवणीवर बसण्याची ओढ बहुतेक गेलेली असते. गावठी कोंबडी मात्र दहा-पंधरा अंडी घातली की खुडूक होते, एकवीस दिवस चिकाटीने बसते आणि पिल्लेही सांभाळते. वर्षाला ती ६० ते ८० अंडीच देते, म्हणजे दहा कोंबड्यांची सरासरी दिवसाला दोन अंडी. चांगल्या सांभाळातली ग्रामप्रिया याच्या दुप्पट देते. तरीही पहिला कळप गावठीचाच असावा असे आमचे स्पष्ट मत आहे. ती ऊनपाऊस सोसते, चरून निम्मे पोट भरते आणि नवख्याच्या लहानसहान चुका निभावून नेते. अंडी वाढवायची असतील तर दुसऱ्या वर्षी तीन-चार सुधारित तलंगा त्यात सोडा.

उलटे मात्र करू नका. गिरिराजचा तीन-साडेतीन किलोचा कोंबडा आणि सव्वा किलोची गावठी कोंबडी ही जोडी कोंबडीला जखमी करते. कोंबडा वजनाने कोंबड्यांच्या फार पुढे नसावा.

‘गावठी’ म्हणून विकली जाणारी पिल्ले पुष्कळदा संकरितच असतात, त्यामुळे शक्य असेल तर आईबाप बघून घ्या. दिंडोरी, पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर भागातल्या पाड्यांवर अस्सल गावठी कोंबड्या अजून घरोघरी आहेत. जातींबद्दल सल्ला हवा असेल तर तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना आणि मुक्त विद्यापीठाचे गोवर्धन इथले कृषी विज्ञान केंद्र ही विचारायची जागा.

पंचवीस पिल्ले का?

एका दिवसाचे गावठी पिल्लू नर की मादी हे सांगता येत नाही. म्हणून दहा कोंबड्या हव्या असतील तर पंचवीस पिल्ले घ्यावी लागतात. नीट सांभाळ करूनही दोन-तीन मरतात. उरलेल्या बावीसमध्ये निम्म्या माद्या धरायच्या, पण प्रत्यक्षात आठही निघतात आणि चौदाही. जास्तीचे नर चौदा आठवड्यांनंतर वेगळे काढून चार-पाच महिन्यांचे झाल्यावर विकायचे. ही विक्री आधीच योजनेत धरा, कारण दहा-अकरा वाढते कोंबडे एकत्र राहिले की दिवसभर मारामाऱ्या होतात, कोंबड्यांना जीव नकोसा होतो आणि खाद्यही संपत राहते.

आठ आठवड्यांची, लसी झालेली पक्षी घेतली तर ऊब देण्याचा सगळा खटाटोप वाचतो. महाग पडतात, पण घरात पिल्ले सांभाळायला दिवसभर कुणी नसेल तर तोच मार्ग बरा. अशा वेळी चौदा-पंधरा पक्षी पुरेत, कारण या वयात नर बऱ्यापैकी ओळखू येतात: तुरा गुलाबी-लाल होऊ लागतो, पाय जाड दिसतात. बारा-चौदा आठवड्यांना शेपटीच्या बुडाशी पाहा. नराची तिथली पिसे लांब, टोकदार आणि चकचकीत असतात, मादीची गोलसर. ही खूण सहसा फसत नाही.

कोणत्या महिन्यात?

नाशिकच्या हवेत सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर मध्यापर्यंत पिल्ले आणणे सगळ्यात सोयीचे. पावसाचा ओलावा ओसरलेला असतो, आणि कडाक्याची थंडी पडेपर्यंत पिल्लांना आठ-दहा आठवडे होऊन अंगभर पिसे आलेली असतात. डिसेंबर-जानेवारीत निफाड-सिन्नर पट्ट्यात पहाटेचे तापमान इतके उतरते की दिव्याची ऊब पुरत नाही आणि पिल्ले एकमेकांखाली गुदमरून मरतात. जुलै-ऑगस्टमध्ये इगतपुरी-त्र्यंबककडे खुराड्यात अंथरलेले भाताचे तूस कोरडे राहत नाही. ऑक्टोबरच्या पिल्लांचा आणखी एक फायदा म्हणजे त्यातले नर धुळवडीच्या सुमाराला विकायला तयार होतात आणि तेव्हा गावठी कोंबड्याला गिऱ्हाईक शोधत बसावे लागत नाही.

खुराडे

पिल्ले यायच्या आधी पंधरा दिवस खुराडे बांधून, चुना मारून, वाळून तयार असले पाहिजे. माप ८ फूट लांब, ४ फूट रुंद, पुढून ६ आणि मागून ५ फूट उंच. म्हणजे ३२ चौरस फूट. अकरा मोठ्या पक्ष्यांना प्रत्येकी जवळजवळ तीन चौरस फूट मिळतात, आणि नर विकेपर्यंतचे बावीस पक्षीही रात्रीपुरते मावतात. कमी उंचीचे खुराडे स्वस्त पडते खरे, पण आत वाकून शिरता येत नाही म्हणून सफाई टळते आणि सफाई टळली की रोग येतात.

लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे ऊन थेट आत येत नाही. उत्तर-दक्षिण बाजूंना खाली दीड फूट विटांची भिंत आणि वर जाळी, पूर्व-पश्चिमेच्या आखूड बाजू पूर्ण बंद. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून झोडपतो, त्यामुळे ती भिंत पक्की हवी. जोते जमिनीपासून एक फूट उंच घ्या, इगतपुरी-त्र्यंबककडे दीड-दोन फूट. छपराला चारी बाजूंनी दोन फूट पडवी सोडली की छप्पर १२ बाय ८ फुटांचे होते. सिमेंटचा पत्रा लोखंडी पत्र्यापेक्षा कमी तापतो. लोखंडी असेल तर मार्च ते जूनमध्यापर्यंत वर उसाचे पाचट टाकून बांधून ठेवा.

जाळीवर पैसे वाचवू नका. षटकोनी भोकांची पातळ कोंबडीजाळी कोंबड्यांना आत ठेवते, पण कुत्रा किंवा रानमांजर ती फाडते. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावा. मुंगूस, घूस आणि साप लहान फटीतूनही येतात. जोते मातीचे असेल तर भिंतीच्या बुडाशी एक फूट खोल जाळी पुरून तिची खालची कड एक फूट बाहेरच्या बाजूला वळवा. खणणारे जनावर भिंतीलगतच खणते आणि तिथेच अडते. दाराला नुसता आकडा नको, कडी आणि तिच्यात खुंटी हवी.

निफाड, सिन्नर, दिंडोरीच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा विचार केल्याशिवाय खुराड्याची जागा ठरवू नका. घराच्या भिंतीला लागून, उजेडात, उसापासून जमेल तितके लांब. अंधार पडायच्या आत दार लागले पाहिजे. कोंबड्यांची घाण, मेलेली पिल्ले, आतडी उघड्यावर टाकली तर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. ती दोन-अडीच फूट खोल पुरा.

आत बसायला दोन दांड्या लागतात, प्रत्येकी ८ फूट, जमिनीपासून दोन फुटांवर, एकमेकींत सव्वा फूट अंतर. मोठ्या पक्ष्याला दांडीवर आठ ते दहा इंच जागा लागते. दोन इंच जाडीचे, कडा घासलेले लाकूड किंवा बांबू घ्या. लोखंडी पाइप थंडीत गार आणि उन्हात गरम होतो. अंड्यांसाठी एक-एक फुटाचे तीन खोके पुरतात, पण ते दांडीपेक्षा खाली, दीड फुटावर ठेवा. खोका उंच असला तर कोंबड्या रात्री त्यातच झोपतात आणि अंडी शिटेने बरबटतात.

जमिनीवर तीन-चार इंच भाताचे तूस पसरा. एवढ्या जागेला दोन-तीन पोती लागतात. इगतपुरी आणि त्र्यंबकच्या भातगिरण्यांवर ते सहज मिळते. भुईमुगाची टरफलेही चालतात. आठवड्यातून एकदा दाताळ्याने खालवर करा. तूस ठीक आहे का हे मुठीत दाबून कळते: मूठ उघडल्यावर ते सैल मोकळे झाले तर बरोबर, गोळा राहिला तर ओले. ओल्या जागचे काढून टाकून तिथे नवे तूस आणि दोन मुठी भुकटी चुना मिसळा. खाली वाकल्यावर डोळ्यांत चुरचुर झाली तर अमोनिया साठला आहे. कोंबड्या त्याच उंचीवर चोवीस तास श्वास घेतात हे लक्षात ठेवा.

पहिले चार आठवडे

पत्र्याचा किंवा पुठ्ठ्याचा दीड फूट उंच पट्टा गोल उभा करून तीन-साडेतीन फूट व्यासाचे रिंगण करा. चौकोनी खोक्यात पिल्ले कोपऱ्यात साचून चेंगरतात, म्हणून गोल. खाली दोन इंच तूस, पहिले तीन दिवस त्यावर खरखरीत तागाचे पोते. गुळगुळीत वर्तमानपत्रावर पाय घसरून काही पिल्लांचे पाय कायमचे फाकतात.

पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर पहिल्या आठवड्यात ३५ अंश सेल्सिअस, मग दर आठवड्याला तीन अंश कमी. पिल्लामागे दोन वॉट हा जुना हिशेब पिवळ्या तापणाऱ्या बल्बचा आहे. एलईडी दिव्याने ऊब मिळत नाही. पंचवीस पिल्लांना ६० वॉटचा साधा बल्ब, थंडीत १०० वॉटचा, पिल्लांपासून फूट-दीड फूट उंच, साखळीने टांगलेला. तापमापकाबरोबर पिल्लांकडेही बघा. दिव्याखाली गोळा झाली आणि किंचाळत असली तर गार पडते आहे. पट्ट्याला चिकटून चोची उघडून बसली तर उष्णता जास्त. सगळी एकाच बाजूला सरकली तर दुसऱ्या बाजूने वारा शिरतो आहे. पसरून चरत, मधूनच आडवी होऊन झोपत असली की ठीक. रात्री वीज जाणारच असे धरून गरम पाण्याच्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून आत ठेवायची तयारी असू द्या. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून दार लावू नका. त्या धुराने पिल्ले मरतात आणि माणसेही.

पिल्ले आल्याबरोबर एकेकाची चोच पाण्यात बुडवून सोडा. पहिले काही तास लिटरला पन्नास ग्रॅम गूळ घातलेले पाणी, नंतर साधे. दोन तासांनी पोत्यावर बारीक मक्याचा भरडा पसरा, दुसऱ्या दिवसापासून पिल्लांचे खाद्य. पाण्याचे भांडे उथळ हवे, नसल्यास त्यात गोटे टाका. पिल्लू दोन इंच पाण्यातही बुडते. पंचवीस पिल्लांना आठ आठवड्यांत चाळीस ते पन्नास किलो, म्हणजे साधारण एक पोते चिक स्टार्टर लागते. पिल्लांना लेयर खाद्य, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचे खाद्य, देऊ नका. त्यातला जादा चुना त्यांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही.

लसी

गावठी कोंबडीला लस कशाला, असे ऐकू येते. मानमोडीने, म्हणजे राणीखेतने, वस्तीतल्या सगळ्या कोंबड्या आठवड्यात संपतात आणि त्यावर औषध नाही. म्हणून लस चुकवू नये. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा ही राणीखेतचीच लस, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. चौदाव्या दिवशी गंबोरो या विषाणूच्या आजाराची लस. अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा लासोटा, या वेळी पिण्याच्या पाण्यातून. सहा-सात आठवड्यांना देवीची लस, पंखाच्या पडद्यात टोचून. आठ ते दहा आठवड्यांना राणीखेतचे आरटूबी इंजेक्शन, त्याच्या आठवडाभर आधी जंताचे औषध. मरेक्स या पाय लुळे पाडणाऱ्या आजाराची लस हॅचरीत पहिल्याच दिवशी देतात, दिली का ते विचारून घ्या.

अडचण अशी की लसीची कुपी शंभर किंवा जास्त मात्रांची येते, आणि कालवल्यावर दोन तासांत संपवावी लागते. म्हणून गल्लीतल्या, मळ्यातल्या शेजाऱ्यांच्या कोंबड्याही त्याच दिवशी घ्या. शेजारच्या कोंबड्या सुरक्षित राहिल्या तर तुमच्याही राहतात. कुपी बर्फात आणा. पाण्यातून देताना नळाचे क्लोरीनचे पाणी नको, विहिरीचे घ्या, लिटरमागे पाच ग्रॅम साय काढलेल्या दुधाची भुकटी कालवा, आणि त्याआधी दोन तास पाणी बंद ठेवा. आजारी पिल्लांना लस देऊ नका.

तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांच्या शिटेत रक्त दिसले तर तो बहुतेक कॉक्सिडिओसिस हा आतड्यांचा आजार असतो आणि कारण बहुतेक वेळा ओले तूस. त्याच दिवशी डॉक्टरांकडून अँप्रोलियम आणा, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. सोबत तूसही बदला, नाहीतर औषध थांबल्यावर परत येते.

खाणे, पाणी आणि चरणे

मोठ्या कोंबडीला दिवसाला शंभर ते एकशेवीस ग्रॅम खाणे लागते. दिवसभर चरणारी गावठी निम्मे बाहेर भागवते, म्हणून अकरा पक्ष्यांना रोज सहाशे-सातशे ग्रॅम घरचे पुरे, पावसाळ्यात थोडे जास्त. दहा किलो मिश्रण असे करा: मक्याचा भरडा ५.७ किलो, सोयाबीनची पेंड २ किलो, गव्हाचा कोंडा २ किलो, कोंबड्यांचे मिनरल मिक्श्चर २५० ग्रॅम, मीठ ३० ग्रॅम. यात प्रथिने सतरा टक्क्यांच्या जवळपास येतात. सोयाबीन कच्चे भरडून घालू नका, ते पचत नाही. तेल काढलेली पेंडच हवी.

कोंबडा असलेल्या कळपात कवचासाठीचा चुना खाद्यात मिसळू नका. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. ज्या कोंबडीला गरज आहे ती टिपते, कोंबडा टिपत नाही, त्याच्या पोटात जादा चुना जात नाही.

दुभत्या जनावरांचे खाद्य उरले म्हणून कोंबड्यांना घालण्याची सवय अनेक मळ्यांत आहे. ती मोडा. सरकीच्या पेंडेने अंड्याचा बलक हिरवट पडतो, आणि काही पशुखाद्यांत युरिया असतो, तो कोंबड्यांना विषच. कांद्याच्या चाळीतला सडका माल आणि पातही नको. मोठ्या प्रमाणात कांदा पोटात गेला तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. येवला-चांदवडकडचा मका स्वस्त मिळतो, पण भिजून बुरशी आलेला एक किलोही घेऊ नका. बुरशीचे विष यकृतावर जाते, अंडी बंद होतात आणि कारण सापडत नाही.

द्राक्षबागेत कोंबड्या सोडाव्यात का, हा नाशिककडचा नेहमीचा प्रश्न. तण आणि किडे खातात, बागेला खत मिळते, हे खरे. पण ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्या इतक्या लागोपाठ असतात की त्या काळात बागेत कोंबडी सोडणे म्हणजे तिला औषध पाजणेच आहे. फवारलेल्या पानावरचा मेलेला किडा ती आधी टिपते. छाटणी ते काढणी बाग बंद ठेवा. बांधावर, घराच्या मागे अकरा पक्ष्यांना शंभर-सव्वाशे चौरस फुटांची जाळी घातलेली जागा केली तरी दिवस निघतो. तिथे एका कोपऱ्यात राख आणि बारीक मातीचा ढीग ठेवा. त्यात लोळल्याने उवा आणि गोचीड कमी होतात.

पाणी हिवाळ्यात अकरा पक्ष्यांना तीन लिटर, मे महिन्यात सहा. दुपारी चोची उघड्या दिसल्या की जाळीला ओले गोणपाट लावा आणि खाणे सकाळी लवकर व सूर्य कलल्यावरच द्या. हिवाळ्यात गोणपाट कोरडे, रात्री जाळीवर, पण वरचा एक फूट उघडा. डिसेंबरात आपल्याकडे दिवस अकरा तासांच्या आसपास येतो आणि अंडी घटतात. ही कोंबडीची विश्रांती आहे, रोग नाही.

कोंबडा आणताना

घरच्याच जोडीची पिल्ले असतील तर त्यातलाच नर ठेवू नका. भाऊबहिणींच्या अंड्यांतून पिल्ले कमी निघतात आणि निघालेली अशक्त राहतात. कोंबड्या पाच महिन्यांच्या झाल्या की दुसऱ्या गावातून सात ते नऊ महिन्यांचा कोंबडा आणा. हातात घेऊन तपासा: छातीचे हाड सरळ, बोटे सरळ, तुरा लालभडक, डोळे स्वच्छ, पिसांच्या मुळाशी उवा नाहीत. मग खाली सोडून मूठभर दाणे टाका. चांगला कोंबडा दाणा चोचीत उचलतो, टाकतो, कुकुक करून कोंबड्यांना बोलावतो आणि त्या आल्यावर खातो. जो आधी स्वतः गिळतो तो चालेल, पण पहिला मिळत असेल तर तोच घ्या. माणसाच्या पायावर धावून येणारा फुकट दिला तरी नको. घरात लहान मुले असतील तर डोळ्याला धोका आहे, आणि हा स्वभाव पिल्लांत उतरतो.

नवा कोंबडा तीन आठवडे लांब, वेगळ्या डालग्यात ठेवा, त्याचे भांडे वेगळे. रोग असेल तर तेवढ्यात बाहेर येतो. नंतर आठवडाभर जाळीच्या आडून एकमेकांना दिसू द्या आणि मग रात्री दांडीवर नेऊन बसवा. पायामागचा काटा वर्षभराने टोकदार होतो. कोंबड्यांच्या बरगड्यांवर ओरखडे दिसले की त्याचे टोक कानसने घासून बोथट करा, मुळापर्यंत कापू नका, आत रक्त असते.

पिल्ले काढणे

कोंबडा कोंबड्यांत फिरू लागल्यावर आठवड्याभरात फळलेली अंडी मिळू लागतात, पण उबवायला दोन आठवडे थांबलेले बरे. तलंगेची पहिल्या दोन महिन्यांची अंडी लहान असतात, ती खा. एप्रिल-मेमध्ये कोंबडी खुडूक झाली तरी अंडी देऊ नका, उन्हात ती ठेवल्या जागीच बिघडतात. तिला तळाशी जाळी असलेल्या पिंजऱ्यात, खाणेपाणी देऊन, तीन-चार दिवस ठेवले की ओढ जाते. उबवणी गणपतीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत करा.

उबवायची अंडी मध्यम आकाराची, गुळगुळीत कवचाची, न धुतलेली. धुतले की कवचावरचा पातळ लेप जातो आणि जंतू आत शिरतात. साठवताना टोकदार बाजू खाली, ओल्या वाळूत रुतवलेल्या मडक्यात. हिवाळ्यात दहा दिवस, एरवी सात दिवसांपेक्षा जुने अंडे ठेवू नका. फ्रिजमधले तर नकोच.

अंधाऱ्या, शांत कोपऱ्यात टोपली घ्या, तळाशी राख मिसळलेली माती, वर वाळलेले गवत आणि कडुनिंबाचा पाला. आधी दोन दिवस खोटी किंवा जुनी अंडी ठेवून कोंबडी रात्रीही बसते का पाहा, मग रात्रीच तिच्याखाली दहा ते बारा खरी अंडी सरकवा. प्रत्येकावर पेन्सिलने खूण करा, कारण बाकीच्या कोंबड्या त्यात ताजी अंडी घालतात आणि मग एका टोपलीत वेगवेगळ्या वयाची पिल्ले वाढू लागतात. खूण नसलेले रोज संध्याकाळी काढून घ्या. कोंबडी दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटे उठते. दाणापाणी जवळच ठेवा.

सातव्या रात्री अंडे बॅटरीच्या तोंडावर धरून पाहा. फळलेल्या अंड्यात मध्ये काळा ठिपका आणि त्यातून फुटलेल्या लाल शिरा दिसतात. स्वच्छ दिसले ते फळलेले नाही. ठिपक्याभोवती रक्ताचे नुसते कडे दिसले तर पिल्लू मेले आहे. दोन्ही काढा. सगळीच स्वच्छ निघाली तर दोष कोंबड्यात किंवा त्याच्या वयात, आठ-दहा फळून निम्मी मेली तर दोष साठवणीत किंवा भाऊबहिणींच्या जोडीत शोधा. अठराव्या दिवसानंतर टोपलीला हात लावू नका. एकविसाव्या दिवशी पिल्ले निघतात. कवच फुटायला बारा-पंधरा तास लागले तरी सोलून मदत करू नका. आतल्या शिरा अजून सुकलेल्या नसतात, रक्तस्राव होतो.

केव्हा तातडीने डॉक्टरांना बोलवायचे

हिरवट-पांढरी पातळ शीट, वाकडी मान, घरघर, तुरा निळा-जांभळा पडणे, किंवा एकाच दिवसात दोन-तीन पक्षी अचानक मरणे. असे झाले तर उरलेले पक्षी विकायला काढू नका, शेजाऱ्याकडे नेऊ नका, मेलेले उघड्यावर टाकू नका, थेट पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. भारतात पक्ष्यांमधला बर्ड फ्लू पहिल्यांदा २००६ साली सापडला तो आपल्याच नाशिक विभागातल्या नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला, आणि तिथे लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्याच्या आसपास राहत असाल तर हिवाळ्यात स्थलांतरित बदके येतात त्या पाणथळ काठांवर कोंबड्यांना चरायला सोडू नका आणि त्या पाण्याने भांडी भरू नका.

कोंबडा दोन वर्षांनी बदला. तोवर तुमच्या कळपातल्या तलंगा त्याच्याच मुली असतात. लांबच्या गावातल्या एखाद्या पाळणाऱ्याशी अदलाबदल केली तर दोघांचेही काम भागते आणि पैसे लागत नाहीत. नवा कोंबडा कळपात सोडल्यावर तीन आठवड्यांनंतरच अंडी उबवायला ठेवा. कोंबडीच्या शरीरात आधीच्या कोंबड्याचे बीज दोन आठवडे, कधी त्याहून थोडे जास्त टिकते आणि तोपर्यंत निघणारी पिल्ले जुन्याचीच असू शकतात.